कासवाचं इंजिन

१९६७ साली इटलीच्या सरकारी रेल्वेनं ताशी २०० किलोमीटर पळू शकेल असं विजेचं इंजिन बनवलं आणि त्याच्या अंगावर चित्र काढलं ते धावत्या कासवाचं. ई-४४४ हा त्याचा अधिकृत क्रमांक. तो कागदावरच राहिला आणि लोकांच्या तोंडी ‘तार्तारूगा’, म्हणजे कासव, हेच नाव बसलं. आपल्या सगळ्यांत वेगवान यंत्राची आपणच अशी थट्टा करायची, याला एक वेगळाच आत्मविश्वास लागतो. आपल्याकडे असतं तर त्यावर गरुड नाहीतर वाघ आला असता, हे सांगायला नको.

या कासवाची गोष्ट मला एका वादासाठी हवी आहे. वेगवान रेल्वे म्हटलं की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी फिरते: बुलेट ट्रेन हवी की नको, आणि वंदे भारतचा खरा वेग किती. वेग ठेवायचा कुठे, इंजिनात की अख्ख्या गाडीत, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. तो फक्त इंजिनियरांचा आहे असं समजून आपण सोडून देतो. इटलीनं मात्र या प्रश्नाची दोन्ही उत्तरं करून पाहिली आहेत, एकामागून एक, शंभरेक वर्षांत. ती पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की वेग इंजिनात असतो तेव्हा तो वाटता येतो. तो गाडीत सीलबंद केला की विकता येतो. दोन्हींची गरज असते हे मान्य. पण दुसऱ्याच्या नादात पहिलं मोडीत काढणं ही चूक आहे, आणि ती करणाऱ्याला तिची किंमत बऱ्याच वर्षांनी कळते.

सुरुवात वेगापासून झालीच नाही. ती झाली चढापासून. इटलीत कोळसा जवळजवळ नाही. तो बोटीनं जेनोवा बंदरात यायचा आणि तिथून तोरिनो-मिलानोकडे (म्हणजे ट्यूरिन-मिलानकडे) जायला आधी जोवीचा घाट चढावा लागायचा. चढ हजाराला पस्तीस, म्हणजे सुमारे १:२८. आपल्या भोर घाटाचा १:३७ चढ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे किती अवघड असेल ते कळेल. त्यात लांब बोगदे आणि वाफेची इंजिनं. १८९८ मध्ये या मार्गावर बोगद्यातल्या धुरानं इंजिनावरची माणसं बेशुद्ध पडली आणि मालगाडी उलटी उतारावर सुटून मोठा अपघात झाला. म्हणजे देशाच्या कारखान्यांना लागणारा कोळसा वर चढवण्यासाठी घाटात कोळसाच जाळायचा आणि त्याच्या धुरात गुदमरायचं. आल्प्समधून पडणाऱ्या पाण्यावर वीज होऊ शकते हे लक्षात आल्यावर इटालियन लोक तिला ‘पांढरा कोळसा’ म्हणू लागले, त्यामागे हा सगळा वैताग होता.

१९०२ मध्ये कोमो सरोवराच्या काठानं वाल्तेलिना खोऱ्यात जाणाऱ्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. काम बुडापेस्टच्या गांझ कारखान्याचं आणि डोकं काल्मान कांदो या हंगेरियन इंजिनियरचं. वीज तीन फेजची, दाब ३,००० व्होल्ट. इतक्या उंच दाबावर चालणारी मुख्य मार्गावरची रेल्वे तेव्हा जगात दुसरीकडे नव्हती. तीन फेजसाठी तीन वाहक लागतात: दोन तारा डोक्यावर आणि तिसरा वाहक म्हणजे रूळ. रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्या दोन तारांचं जाळं कसं सांभाळलं असेल याचा विचार केला तरी गरगरतं.

पण या पद्धतीत एक सौंदर्य होतं. तीन फेजची मोटर ठरलेल्या गतीलाच फिरते. चढावर ती गती सोडत नाही आणि उतारावर गाडी तिला ढकलू लागली की तीच मोटर जनित्र बनून वीज तारेत परत देते. जोवीच्या घाटात खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला हात देत असे. या घाटासाठी १९०८ पासून जेनोवाजवळच्या वादो लिगुरे इथल्या वेस्टिंगहाऊस कारखान्यात ई-५५० इंजिनं बांधली. पाच जोडलेले आस, म्हणजे चाकांच्या पाच जोड्या, आणि वेग दोनच: ताशी २५ किंवा ५०. मधलं काही नाही. लोक त्याला ‘जोवीचं खेचर’ म्हणत. वादो लिगुरे हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

ठरलेल्या गतीची मोटर हीच पुढे अडचण झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चार वेगांची प्रवासी इंजिनं आली, ३७, ५०, ७५ आणि १०० अशा पायऱ्यांची. तरी पायऱ्या त्या पायऱ्याच. धावत्या गाडीला उशीर भरून काढायचा असेल, पुढच्या गाडीच्या मागे जरा मंद चालायचं असेल, तर ही मोटर ऐकत नाही. १९२७ पासून इटलीनं बेनेवेन्तो-फोज्जा मार्गावर ३,००० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, प्रवाह लावून पाहिला आणि पुढे तोच देशभराचा केला. जुना तीन फेजचा शेवटचा तुकडा मात्र १९७६ पर्यंत टिकला. रेल्वेत एकदा केलेली निवड पन्नास-पन्नास वर्षं पाठ सोडत नाही, हे इथेच दिसतं.

डीसीबरोबर आले इंजिनियर ज्युसेप्पे बियांकी आणि त्यांचं ई-६२६. एकूण ४४८ इंजिनं. कमाल वेग ताशी ९५, म्हणजे डोळे दिपवणारं काही नाही. बियांकींचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. वेगवेगळ्या कारखान्यांनी बांधलेली इंजिनं, पण भाग एकमेकांना बसणारे. कुठल्याही शेडमध्ये कुठलाही सुटा भाग चालला पाहिजे. हे इंजिन मालगाडी ओढायचं, पॅसेंजर ओढायचं, एक्स्प्रेसही ओढायचं. माझ्या मते इटालियन रेल्वेच्या सगळ्या लाल-चंदेरी देखणेपणापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. त्याच्याच घराण्यातलं वेगवान भावंड म्हणजे ई-३२६. ती बाराच झाली. मग आलं ई-४२८, १३० टनांच्या वरचं धूड. ते पळायचं, पण इतकं वजन त्या वेगानं रुळांवर आपटत नेणं रुळांना झेपणारं नव्हतं. वेगवान इंजिनाचा हा जन्मजात दोष आहे. सगळी ताकद एका जागी आली की सगळा भारही एका जागी येतो. तो मी लपवत नाही. पुढे त्यावर बोलणारच आहे.

याच काळात दुसरं उत्तर जन्माला आलं. १९३६-३७ मध्ये ब्रेडा कंपनीनं ईटीआर-२०० ही गाडी बांधली: तीन डबे, मोटारी डब्यांच्याच खाली, नाकाडाचा आकार तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये वाऱ्याच्या बोगद्यात पारखून घेतलेला. डिसेंबर १९३७ मध्ये रोम-नापोली मार्गावर ती ताशी २०१ किलोमीटर पळाली. जुलै १९३९ मध्ये फिरेन्झे (फ्लॉरेन्स) ते मिलानो धावताना २०३ गाठले आणि अख्ख्या अंतराचा सरासरी वेग १६५ च्या आसपास राहिला. त्या वेळी हे अफाटच होतं. एक गाडी न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पाठवली. मुसोलिनीच्या राजवटीला हेच हवं होतं. फॅसिस्टांनी गाड्या वेळेवर आणल्या ही दंतकथा अजून आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळते. ज्या मार्गावर हा पराक्रम झाला त्यातला बोलोन्या-फिरेन्झे हा साडेअठरा किलोमीटरच्या बोगद्याचा तुकडा १९३४ मध्ये उघडला खरा, पण त्याचं काम १९१३ पासून चाललेलं होतं. फीत कापणारा आणि खोदणारा हे वेगवेगळे असतात, हे आपल्याला तरी वेगळं सांगायची गरज नाही.

विक्रमाची गाडी आणि रोजची गाडी यांच्यातली दरी तेव्हाच पडली. युद्धानंतर ती जास्त देखणी झाली. १९५२-५३ मध्ये आलेली ‘सेत्तेबेल्लो’ म्हणजे मिलानो-रोम धावणारी सात डब्यांची गाडी. ड्रायव्हरला वर छतावर बसवलं आणि पुढच्या काचेमागे प्रवाशांचा दिवाणखाना केला. जागा १६०, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. आपल्या दख्खनच्या राणीचा आरंभही असाच होता. १९३० मध्ये विजेच्या इंजिनामागे निघालेल्या त्या गाडीला तिसऱ्या वर्गाचा डबा जोडायला १९५५ उजाडलं. पण एक फरक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. राणीला तिसऱ्या वर्गाचा डबा जोडता आला. डबा आणला, कपलिंग लावलं, झालं. सेत्तेबेल्लोला कुणी काही जोडू शकत नव्हतं.

आता कासवाकडे येऊ. १९६० च्या दशकात इटलीकडे रोजच्या कामाला मुख्यत्वे ई-६३६ आणि त्याची पुढची ई-६४६ सारखी इंजिनं होती. ई-६३६ ची संख्या ४६९, सांगाडा मधोमध दुमडणारा, म्हणजे वळणावर अंग वाकवणारा. मजबूत, पण धावणारी नव्हेत. ई-४४४ चं काम होतं साधे डबे जोडून २०० नं पळणं. वजन ऐंशीपेक्षा थोडं जास्त टन, चारच आस, ताकद सुमारे ४,००० किलोवॉट. १९६७ मध्ये रोम-नापोली मार्गावर त्यानं २०० पार करून दाखवले.

दाखवले, आणि मग बराच काळ त्याला तेवढं पळायला मार्गच मिळेना. याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. १४० वरून २०० वर गेलं की गाडीच्या अंगातली ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे त्याच ब्रेकनं थांबायला अंतर दुप्पट लागतं. पण सिग्नल तर १४० च्या हिशेबानं रोवलेले. ड्रायव्हरनं पिवळा पाहून ब्रेक लावला तरी गाडी थांबेपर्यंत लाल ओलांडून गेलेली असणार. म्हणून सिग्नलची माहिती रुळांतून येणाऱ्या सांकेतिक प्रवाहानं थेट इंजिनाच्या केबिनमध्ये सतत दाखवावी लागते, फाटकं बंद करावी लागतात, वळणं सैल करावी लागतात. हे सगळं होईपर्यंत कासव सशाचे पाय घेऊन कासवाच्याच वाटेनं चाललं. त्या चित्रातली थट्टा रेल्वेनं मुद्दाम केली असेल की नकळत, पण नेमकी बसली.

एकूण ११७ कासवं झाली. सुरुवातीला त्यांनीही श्रीमंतांच्याच गाड्या ओढल्या. वातानुकूलित, फक्त पहिल्या वर्गाचे ‘ग्रान कॉन्फोर्त’ डबे आणि पुढे ई-४४४, ही सत्तरीतली शान होती. मग वेगवान इंजिन लोकांचं कसं, असं कुणी विचारील. उत्तर त्याच्या पुढच्या आयुष्यात आहे. नवीन गाड्या आल्यावर कासव खालच्या पंगतीला आलं. दुसऱ्या वर्गाच्या इंटरसिटी, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस. १९८९ पासून त्यांची केबिन बदलली, नवीन नाक लावलं, आणि ती २०१० नंतरही धावत होती. एके काळी मंत्री आणि कारखानदार ज्या वेगानं गेले तोच वेग पंचवीस वर्षांनी दक्षिणेतल्या पुलिया प्रांताच्या विद्यार्थ्याला मिळाला, कारण वेग इंजिनात होता आणि इंजिनाला मागे कोण बसलंय याची फिकीर नसते. सेत्तेबेल्लो मात्र म्हातारी झाली आणि बाजूला गेली. ती दुसऱ्या कुणाचीही होऊ शकत नव्हती.

मार्गाचं काम शेवटी झालं. १९७० मध्ये रोम-फिरेन्झे ‘दिरेत्तिस्सिमा’ म्हणजे थेट मार्गाचं बांधकाम सुरू केलं. पहिला तुकडा १९७७ ला उघडला, शेवटचा १९९२ ला. अडीचशे किलोमीटरला बावीस वर्षं. इटालियन लोक यावर हसतात, आणि आपण हसू नये हे बरं. या मार्गात एक शहाणपण होतं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्याचा विजेचा दाब जुनाच, ३,००० व्होल्ट, आणि जुन्या मार्गाशी तो ठिकठिकाणी जोडलेला. म्हणजे साधी इंटरसिटी सुद्धा अधेमधे त्यावर चढू शकते, वेग घेऊ शकते आणि पुढच्या जुन्या गावासाठी उतरू शकते. हमरस्त्यावर एसटीलाही जागा असावी, तसं.

त्या सुमारास फियाटच्या रेल्वे शाखेनं तिसरी वाट काढली: वळणावर डबा आत कलवायचा. १९७६ मध्ये प्रयोगाची गाडी, १९८८ मध्ये ईटीआर-४५० पेन्दोलिनो प्रत्यक्ष सेवेत, ताशी २५० नं, रोम-मिलानो चार तासांच्या आत. पेन्दोलिनो जगभर विकली गेली. तिच्याबद्दल मला आदरच आहे. जुन्याच वळणदार मार्गावर वेग काढणं हा काटकसरीचा आणि चलाख उपाय होता. पण तीही सुरुवातीला पहिल्या वर्गाचीच गाडी, आणि पुन्हा सीलबंद.

मग आली ईटीआर-५००. १९८९ मध्ये तिच्या नमुन्यानं ताशी ३१९ गाठले. पुढे २००९ मध्ये बोलोन्या-फिरेन्झेच्या नव्या मार्गावरच्या मोन्ते बिबेले बोगद्यात ३६२. ही गाडी खरं तर दोन टोकांना दोन इंजिनं आणि मधे डबे अशीच आहे. फक्त ती इंजिनं, ई-४०४, त्याच डब्यांना बांधलेली. दोन्हींची मिळून ताकद ८,८०० किलोवॉट. ३,००० व्होल्टच्या तारेतून एवढी ताकद ओढायची तर जवळपास २,९०० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्ट असतील तर साडेतीनशे पुरतात. म्हणून नवे मार्ग, रोम-नापोली, तोरिनो-मिलानो-बोलोन्या-फिरेन्झे, २५,००० व्होल्ट एसीचे, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाचे, झाले. हिशेब बिनचूक आहे. पण पहिल्या ३० गाड्या फक्त जुन्या दाबाच्या होत्या. इटलीच्या सगळ्यांत वेगवान यंत्रांना इटलीच्या सगळ्यांत वेगवान मार्गांवर जाताच येईना.

त्या साठ इंजिनांचं जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं. त्यांना ईटीआर-५०० मधून सोडवलं, थोडे बदल करून ई-४१४ असं नवं नाव दिलं आणि जुने साधे डबे दुरुस्त करून दोन टोकांना जोडली. झाली ‘फ्रेच्चाबियांका’, जुन्या मार्गांवर २०० पर्यंत पळणारी, मधल्या शहरांना थांबणारी गाडी. सीलबंद गाडीचं सील फोडल्यावर ती उपयोगी पडली.

याच काळात खरीखुरी वेगवान इंजिनंही आली होती. ई-४०२ ही पिढी नव्वदच्या दशकातली, २०० च्या वेगाची, आणि तिच्या ‘ब’ प्रकारची ऐंशी इंजिनं दोन्ही दाबांवर चालणारी. तिच्या मोटारी तीन फेजच्या. कांदोची मोटर नव्वद वर्षांनी परत आली. आता तारेत तीन फेज आणायची गरज नव्हती. इंजिनातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा डीसीपासून हव्या त्या वारंवारितेची तीन फेज बनवते, त्यामुळे मोटर हव्या त्या गतीनं फिरते. खेचराचा हट्टीपणा गेला आणि उतारावर वीज परत द्यायची सवय राहिली. मधली वर्षं मात्र वाया गेली असं मला वाटतं. ई-६५६ ही साडेचारशेहून जास्त इंजिनं १९८९ पर्यंत बांधली जात होती, जादा विजेची उष्णता करून वेग आवरणाऱ्या जुन्या रेझिस्टरवाल्या पद्धतीची, आणि वेग १५०. फ्रान्सची टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी तेव्हा आठ वर्षं धावत होती.

म्हणजे यंत्र होतं, मार्ग होता. गेली ती इच्छा. डिसेंबर २०११ च्या नव्या वेळापत्रकात उत्तर आणि दक्षिण इटलीला जोडणाऱ्या रात्रीच्या अनेक गाड्या छाटल्या. स्लीपर डब्यांवर काम करणाऱ्या सुमारे ८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. काही जण मिलानो सेंट्रल स्टेशनातल्या दिव्यांच्या मनोऱ्यावर चढून बसले. कालाब्रियाहून किंवा सिसिलीहून निघून न बदलता थेट तोरिनोला पोचणं ही दक्षिणेच्या स्थलांतरितांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. आता दिवसा रोमला किंवा बोलोन्याला उतरून महागडी वेगवान गाडी पकडा, असं त्यांना सांगितलं. बाजाराच्या भाषेत हे बरोबरच होतं. वेगवान ‘फ्रेच्चे’ गाड्या स्वतःच्या तिकिटावर चालतात आणि इंटरसिटी सरकारच्या करारानं, सरकारच्या पैशावर. जिथे नफा तिथे नवी गाडी, जिथे अनुदान तिथे जुना डबा. याहून जास्त खटकतं ते हे: जून २०१५ मध्ये चारशे किलोमीटरच्या तोडीची नवी फ्रेच्चारोस्सा १००० रुळांवर आली, आणि त्यानंतर तेरा महिन्यांनी पुलियात आंद्रिया-कोरातोच्या एकेरी मार्गावर, जिथे गाडी सुटली की नाही हे दोन स्टेशनमास्तर एकमेकांना फोनवर कळवत होते, समोरासमोर टक्कर होऊन २३ माणसं गेली. तो मार्ग सरकारी रेल्वेचा नव्हता, परवान्यावर खासगी कंपनी चालवत होती. देश मात्र एकच होता.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं, कारण ती बाजू कच्ची नाही. ताशी २५० च्या वर एका आसावर सतरा टनांहून जास्त भार टाकायचा नाही, असा युरोपचा दंडक आहे. ऐंशी टनांचं चार आसांचं इंजिन तिथे बसतच नाही. ताकद डब्याडब्यांत वाटली की पकड वाढते, रुळांची झीज कमी होते, शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायचा खटाटोप जातो. फ्रेच्चारोस्सा १००० मध्ये आठ डब्यांत मिळून ९,८०० किलोवॉट बसतात, हे चार आसांच्या एका इंजिनाच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय सीलबंद गाडीनं लोकांना गाडीत परत आणलं. रोम-मिलानो तीन तासांत होऊ लागल्यावर त्या मार्गावरच्या विमानांची कंबर मोडली. एप्रिल २०१२ मध्ये ‘इतालो’ ही खासगी कंपनी त्याच रुळांवर उतरली, स्पर्धा झाली, तिकिटं उतरली, प्रवासी वाढले. २०० च्या इंजिनानं हे झालं नसतं. ज्यांना हे दिसत नाही ते इंजिनप्रेमी असतील, रेल्वेप्रेमी नव्हेत.

पण हा युक्तिवाद २५० च्या वरचा आहे. इटलीच्या रेल्वेचं जाळं सोळा हजार किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातले वेगवान मार्ग सुमारे हजार किलोमीटर. उरलेल्या पंधरा हजारांवर इंजिन आणि डबे यांची जोडी अजूनही हरलेली नाही. याचा पुरावा त्याच वादो लिगुरेतून निघाला, जिथे खेचरं बांधली होती. १९९९ पासून तिथे ई-४६४ बनू लागलं: एकाच टोकाला पूर्ण केबिन असलेलं, छोटं, ताशी १६० चं, लोकल डब्यांना मागून ढकलणारं, पुढून ओढणारं. सातशेहून जास्त झाली. त्याचा कुणी विक्रम सांगत नाही, पोस्टर करत नाही. आणि सकाळी सातला मिलानोला कामावर जाणाऱ्या माणसाचा वेग जो काही वाढला तो यानं वाढवला. जुने डबे फेकले नाहीत, नवं इंजिन लावलं, आणि शेवटच्या डब्यात ड्रायव्हरची केबिन बसवली.

आपल्याकडचा धागा इथे आपोआप जुळतो. कसाऱ्याला गाडी थांबून मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागेपर्यंत खिडकीतून घाट बघत बसणं हा आपल्यातल्या अनेकांच्या बालपणाचा भाग आहे. कर्जतच्या वड्याची कीर्ती तर बँकर इंजिनाच्याच पुण्याईनं. २०१९ मध्ये सीएसएमटीहून नाशिकमार्गे दिल्लीला राजधानी सुरू झाली आणि पुढे दोन्ही टोकांना इंजिन लावून तो थांबा चुकवला. डबे तेच, इंजिनं तीच, फक्त मांडणी बदलली. २०२३ च्या डिसेंबरात आलेली अमृत भारतही तशीच: दोन टोकांना दोन डब्ल्यूएपी-५ आणि मधे बिगरवातानुकूलित डबे. वंदे भारतबद्दल माझी तक्रार नाही. फेब्रुवारी २०२३ पासून ती मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला जाते, घाट बँकरविना चढते, छानच आहे. तक्रार आहे ती प्रमाणाची. वंदे भारतच्या प्रत्येक उद्घाटनाची छायाचित्रं पहिल्या पानावर येतात. दोन टोकांच्या इंजिनांच्या (पुश-पुल) राजधानीनं किती मिनिटं वाचवली, हे कुणी छापत नाही. आणि जनरल डब्याला तो वेग देण्याचा स्वस्त मार्ग दुसऱ्या बातमीत आहे.

इटलीशी आपला आणखी एक संबंध आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. कोलकात्याच्या टिटागढनं २०१५ मध्ये नापोलीजवळच्या काझेर्ताची फिरेमा ही जुनी रेल्वे कंपनी विकत घेतली, आणि पुणे मेट्रोचे ॲल्युमिनियमचे डबे त्याच घराण्यातले. गाडी बनवण्याची विद्या आपण तिथून घेतली. तिचं काय करू नये हेही तिथून शिकता येईल, फुकट.

फ्रेच्चारोस्सा आता जुन्या रुळांवरून दक्षिणेला रेज्जो कालाब्रियापर्यंत जाते. सिसिलीला जायचं असेल तर प्रवासी सामुद्रधुनीच्या अलीकडे विला सान जोवान्नीला उतरतात आणि बॅगा ओढत बोटीकडे चालू लागतात, कारण ती अख्खी गाडी बोटीवर कोण चढवणार. रोमहून येणारी रात्रीची इंटरसिटीही त्याच स्टेशनात थांबते. तिचं इंजिन सुटतं, डबे तोडून तीन-चार अशा टोळ्यांनी मागे ढकलत बोटीच्या पोटात रुळांवर उभे केले जातात. ज्याला वाटेल तो डेकवर जाऊन वारा खातो, ज्याला झोप असेल तो आपल्याच बर्थवर पडून राहतो. पलीकडे मेस्सिनाला डबे बाहेर येतात, पुन्हा जोडले जातात, आणि तिथे आधीच येऊन उभं असलेलं दुसरं इंजिन त्यांना घेऊन पालेर्मोकडे निघतं.